'व्हिलेट'चा शेवट आणि वाचकाचे मौन

शार्लट ब्राँटी या इंग्रज लेखिकेची 'जेन एअर' ही कादंबरी आपल्याकडे पुष्कळांच्या वाचनात आलेली असते. तिच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या कादंबरीकडे, म्हणजे 1853 सालच्या 'व्हिलेट'कडे, मात्र सहसा कोणी वळत नाही. आमच्या धर्मग्रामातील वाचनमंडळाने गेल्या वर्षी ही कादंबरी वाचावयास घेतली, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी स्पष्ट हरकत नोंदवली होती. ज्या पुस्तकात पानोपानी आपल्या ख्रिस्तसभेची, तिच्या धर्मगुरूंची आणि भाविकांची टवाळी केली आहे, त्यासाठी देवळाच्या आवारात बसून चार महिने का खर्च करावेत, असा त्यांचा प्रश्न होता. मंडळाची जबाबदारी सांभाळणाऱ्या सिस्टरांनी उत्तर दिले, "आपल्याविषयी काय बोलले गेले ते एकदा नीट ऐकून घेऊ. खरे असेल तेवढे पदरात घेऊ, उरलेले सोडून देऊ." हरकत मागे घेतली गेली नाही, पण ते सद्गृहस्थ प्रत्येक बैठकीस हजर राहिले, हे येथे नमूद केले पाहिजे.

कादंबरी आम्ही मूळ इंग्रजीतून वाचली. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांना दर बैठकीच्या आरंभी प्रकरणांचा सारांश मराठीतून सांगितला जाई. चार महिने चर्चा शांतपणे चालली. खरा वाद पेटला तो शेवटच्या दोन पानांवर. त्या वादातून मला जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कथानक थोडक्यात असे. लूसी स्नो ही एकाकी, निर्धन, प्रॉटेस्टंट इंग्रज तरुणी पोटापाण्यासाठी समुद्रापार व्हिलेट नावाच्या कॅथॉलिक शहरात येते आणि मादाम बेक यांच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. व्हिलेट म्हणजे बेल्जियममधील ब्रुसेल्स, हे लेखिकेने फारसे लपवलेले नाही. तेथे मस्यू पॉल एमान्युएल हे तापट, हट्टी, पण अंतःकरणाने अत्यंत उदार असे साहित्याचे अध्यापक आहेत. त्यांचे शिक्षण येशूसंघीयांकडे झालेले, श्रद्धा कडवी. दोघांत आधी खटके उडतात, मग स्नेह जुळतो आणि शेवटी प्रेम. परंतु मस्यू पॉल यांना मादाम वॉलरावेन्स या वृद्धेच्या मालमत्तेची व्यवस्था लावण्यासाठी वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर तीन वर्षांसाठी जावे लागते. जाण्यापूर्वी ते लूसीसाठी एक छोटी शाळा थाटून देतात आणि लग्नाचे वचन देतात. तीन वर्षे सरतात. परतीचा दिवस ठरतो. शरद ऋतू येतो, वारा पश्चिमेकडून वाहू लागतो आणि अटलांटिक महासागरावर सात दिवस वादळ घोंघावते. महासागर फुटलेल्या गलबतांनी भरून जातो. आणि येथे लूसी थांबते. पुरे झाले, असे म्हणते. कोमल हृदयाच्या वाचकांना त्रास द्यायला नको. ज्यांची कल्पना उजळ आहे त्यांनी सुखरूप परतीचे, मीलनाचे चित्र खुशाल रंगवावे, अशी ती मुभा देते. मग तीन माणसांचे पुढे कसे चांगले झाले ते दोन ओळींत सांगून निरोप घेते. मस्यू पॉल परतले की बुडाले, हे शब्दांत कोठेही सांगितलेले नाही.

आमच्या बैठकीत दोन तट पडले. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी पुरावेच मांडले. लूसी म्हणते की मस्यू पॉल दूर असतानाची ती तीन वर्षे तिच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती. ते परतले असते, विवाह झाला असता, तर विरहाची वर्षे सर्वांत सुखाची कशी ठरली असती? शिवाय ही कथा लिहिणारी लूसी आता पांढऱ्या केसांची वृद्धा आहे आणि साऱ्या कथनात पतीचा किंवा संसाराचा मागमूसही नाही. तेव्हा मस्यू पॉल बुडाले, यात शंका नाही. यावर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी म्हणाली, "लेखिकेने आशा ठेवायची परवानगी दिली आहे, मग तुम्ही ती काढून घेणारे कोण?" हशा पिकला, पण तिचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

लेखिकेच्या चरित्रातून बँकेच्या सभासदांच्या बाजूला बळ मिळते. एलिझाबेथ गॅस्केल यांनी 1857 मध्ये शार्लटचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात त्या सांगतात की शार्लटचे वडील, रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटी यांना मनावर उदासी ठेवून जाणाऱ्या कादंबऱ्या आवडत नसत. नायक-नायिकेचे लग्न होऊन ती सुखाने नांदावीत, अशी त्यांनी मुलीला विनंती केली होती. परंतु मस्यू पॉल यांचा समुद्रावरील मृत्यू शार्लटच्या मनावर असा कोरला गेला होता की तो बदलणे तिला शक्यच झाले नाही. फार तर शब्दांचा पडदा ओढता आला, तेवढा तिने ओढला. येथे डिकन्सची आठवण होते. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा मूळ शेवट डिकन्सने बुलवर लिटन या मित्राच्या सल्ल्यावरून 1861 मध्ये बदलला आणि पिप व एस्टेला यांच्या पुनर्भेटीला आशेची किनार दिली. शार्लटने वडिलांच्या शब्दाचा मान राखला, पण घडलेली गोष्ट बदलली नाही.

ही माहिती दिल्यावर वाद मिटेल असे मला वाटले होते. तो मिटला नाही, कारण आमच्यातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी वेगळीच गोष्ट काढली. बाई किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबातील. त्या लहान असताना त्यांच्या मामांची होडी वादळात सापडली आणि ती परतली नाही. बाई म्हणाल्या, "मामी पुढे तीस वर्षे जगली. पण मामांविषयी 'गेले' असा शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही. 'आले नाहीत' एवढेच ती म्हणायची. फादरांनी मिस्साचे विचारले तर म्हणायची, समुद्रावर असलेल्या सगळ्यांसाठी करा. मामीला काय माहीत नव्हते? सगळे माहीत होते. पण ते तिच्या तोंडाने आम्ही का वदवून घ्यायचे?"

खोलीत कोणी काही बोलले नाही. माझ्या मते 'व्हिलेट'च्या शेवटाची किल्ली या शेवटच्या वाक्यात आहे. मस्यू पॉल परतले की नाही हा प्रश्न आपण लूसीला विचारतो, पण त्याचे उत्तर तिने दिलेलेच आहे. ज्याला ऐकायचे आहे त्याला ते ऐकू येते. खरा प्रश्न असा की, ते तिच्या तोंडून वदवून घेण्याचा अधिकार वाचकाला आहे काय?

मूळ मजकूर या दृष्टीने पाहावा. परतीची वेळ जवळ येते तेव्हा लूसी भूतकाळ सोडून वर्तमानकाळात लिहू लागते. दिवस आखूड होत आहेत, पाने वाळत आहेत, आणि ते येत आहेत. धुके पडू लागले आहे, आणि ते येत आहेत. 'येत आहेत' हे पालुपद वादळापर्यंत टिकते. वादळाचे वर्णन पुन्हा भूतकाळात जाते आणि ते क्रियापद परत येत नाही. त्याच्या जागी 'आले' नाही आणि 'गेले'ही नाही. बाईंच्या मामींची भाषा ती हीच.

दुसरे असे की लूसीने हा मार्ग शेवटी एकाएकी धरलेला नाही. चौथ्या प्रकरणाच्या आरंभी ती आपल्या आयुष्यातील आठ वर्षे गाळते. त्या काळात मी शांत बंदरातील नौकेप्रमाणे सुखात होते अशी कल्पना वाचकाने खुशाल करावी, असे ती म्हणते आणि लगेच सुचवते की नौका फुटली, माणसे हरपली. कोण हरपले, कसे, हे ती कधीच सांगत नाही. म्हणजे पुस्तकाच्या आरंभी आणि अंती एकच कृती आहे: समुद्र, वादळ, वाचकाला दिलेली गोड कल्पनेची मुभा, आणि मौन. त्याच प्रकरणात वृद्ध मिस मार्चमाँट यांची कथा येते. त्यांचा प्रियकर नाताळच्या आदल्या रात्री घोड्यावरून येताना अपघातात मरण पावला आणि त्या तीस वर्षे त्याच्या आठवणीवर जगल्या. मिस मार्चमाँट मात्र ते दुःख लूसीला तोंडाने सांगतात. लूसीला स्वतःला ते जमत नाही. दुःख सांगणाऱ्याच्या आणि न सांगणाऱ्याच्या दोन तऱ्हा लेखिकेने सुरुवातीलाच शेजारी शेजारी मांडून ठेवल्या आहेत.

लूसी एकदाच मोकळेपणी बोलते, आणि तो प्रसंग आम्हां कॅथॉलिक वाचकांना विशेष महत्त्वाचा आहे. पंधराव्या प्रकरणात शाळेला दीर्घ सुट्टी लागते. रिकाम्या इमारतीत एका मतिमंद विद्यार्थिनीची शुश्रूषा करीत लूसी एकटी राहते. मुलगी गेल्यावर तर कोणीच उरत नाही. ताप, निद्रानाश, भयंकर स्वप्ने. अशा अवस्थेत एका संध्याकाळी ती देवळाच्या घंटेचा आवाज ऐकून आत शिरते आणि पापनिवेदनाच्या जाळीपुढे गुडघे टेकते. आपण प्रॉटेस्टंट आहोत हे ती आधीच सांगते. धर्मगुरू दचकतात, काही पाप, काही गुन्हा घडला आहे काय, असे विचारतात. तसे काही नाही, असे सांगून ती आपल्या दुःखाची केवळ बाह्यरेखा त्यांच्यापुढे ठेवते. साक्रामेंताच्या अर्थाने ते पापनिवेदन नव्हेच. एका माणसाने ऐकून घ्यावे, एवढीच तिची याचना होती आणि फादर सिलास ऐकून घेतात. तिने नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितले ते वाचकाला कळू दिलेले नाही. जाळीपलीकडचे जाळीपलीकडेच राहते.

हा प्रसंग लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्यातील आहे. 1842 आणि 1843 ही दोन वर्षे शार्लट ब्रुसेल्समधील हेगर दांपत्याच्या शाळेत होती, प्रथम विद्यार्थिनी आणि नंतर शिक्षिका म्हणून. 1843 च्या सप्टेंबरच्या आरंभी, सुट्टीतील एकाकीपण असह्य झाल्यावर, ती सेंट गुदुला देवळात जाऊन पापनिवेदनास बसली. हे तिने धाकटी बहीण एमिलीला पत्राने कळवले आणि बाबांना सांगू नकोस, असेही बजावले. मस्यू पॉल हे पात्र ज्यांच्यावरून घडले त्या कॉन्स्टँटिन हेगर यांना इंग्लंडमधून तिने लिहिलेली चार व्याकूळ पत्रे 1913 मध्ये जगापुढे आली, तेव्हा तिला मरून अठ्ठावन्न वर्षे झाली होती. 'व्हिलेट' लिहीत असताना बंधू ब्रॅनवेल आणि बहिणी एमिली व अ‍ॅन यांच्यापैकी कोणीही हयात नव्हते. 1848 च्या सप्टेंबरपासून 1849 च्या मेपर्यंत, आठ-नऊ महिन्यांत, तिघांनाही मृत्यूने नेले होते. चौथ्या प्रकरणातील फुटलेली नौका कोठून आली हे यावरून समजते. ऐकणारी एमिलीही आता उरली नव्हती.

कादंबरीच्या अखेरीस लूसीपुढे जाळी नाही, फादर सिलास नाहीत, मस्यू पॉल नाहीत. ऐकणारा एकच उरला आहे, तो म्हणजे वाचक. तिने त्याच्यापुढेही बाह्यरेखाच ठेवली आहे. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने प्रश्न विचारताना विवेक आणि संयम पाळावा, असे ख्रिस्तसभेचा 1983 सालचा कायदा सांगतो; ऐकलेले उघड न करण्याचे बंधन तर सर्वश्रुत आहे. लूसी वाचकाकडून हाच संयम मागते. तिने आपल्याला कन्फेसरच्या आसनावर बसवले आहे आणि आपण मात्र पंचनामा करणाऱ्या हवालदारासारखे प्रेत कोठे आहे ते विचारत बसतो.

या वाचनावर एक आक्षेप येऊ शकतो. खुद्द शार्लटने या शेवटाची थट्टा केली होती. मार्च 1853 मध्ये प्रकाशक जॉर्ज स्मिथ यांना तिने लिहिले की वाचकांपुढे बुडणे आणि विवाह असे दोन भयंकर पर्याय आहेत. दयाळू वाचक त्यांतला सौम्य पर्याय निवडून मस्यू पॉल यांना बुडवतील, निर्दय वाचक त्यांचे लूसीशी लग्न लावून देतील. मस्यू पॉल यांचे काय झाले, अशी चौकशी करणाऱ्या वाचक स्त्रियांनाही तिने गोष्ट जेथल्या तेथे राहील असेच उत्तर दिले. मग हे सारे निव्वळ कोडे होते काय? मला तसे वाटत नाही. थट्टा हाही पडदाच असतो. जी स्त्री वडिलांच्या विनंतीपुढेही सत्य बदलत नाही, ती चौकस वाचकापुढे विनोद करून बाजूला होते, यात नवल नाही.

आता आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या हरकतीकडे वळतो. ती खोटी नव्हती. कॅथॉलिक विधींविषयी, संतचरित्रांविषयी, मादाम बेक यांच्या पाळतीविषयी लूसी ज्या तुच्छतेने लिहिते ती आजही बोचते. त्या काळी इंग्लंडमध्ये हवाच तशी होती. 1850 मध्ये पोप नववे पायस यांनी इंग्लंडमध्ये कॅथॉलिक महागुरूंची व्यवस्था पुन्हा स्थापन केली, कार्डिनल वाइझमन वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप झाले, आणि त्यावरून एवढे काहूर उठले की 1851 मध्ये त्याविरुद्ध कायदाही संमत झाला. शार्लटने त्याच वर्षी लंडनमध्ये वाइझमन यांना पाहिले आणि त्यांच्याविषयी अत्यंत कडवट लिहिले. परंतु कॅथॉलिक नसलेल्या हॅरिएट मार्टिनो यांनीही 'व्हिलेट'च्या परीक्षणात हा द्वेष अनाठायी असल्याचे म्हटले होते, हे विसरू नये.

तरीही कादंबरीकार लेखिका ही वादपटू लेखिकेहून मोठी ठरली. लूसीचे दुःख ऐकून घेणारा माणूस कॅथॉलिक धर्मगुरू आहे आणि आपल्या गरजेच्या वेळी तो दयेने वागला, हे सांगून ती त्याला आशीर्वाद देते. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले असते तर आज हे लिहिण्याऐवजी कार्मेल मठाच्या कोठडीत जपमाळ ओढत बसले असते, असे ती अर्धवट थट्टेने म्हणते. कादंबरीतील सर्वांत उदार मनुष्यही कॅथॉलिकच आहे. मठात मरण पावलेल्या जस्टिन मारी या पूर्वप्रेयसीच्या निराधार आप्तांना मस्यू पॉल वीस वर्षे पोसतात. आणि शेवटच्या प्रकरणात तेच लूसीला लिहितात की तू प्रॉटेस्टंटच राहा, तुझ्यातील ती निष्ठा मला प्रिय आहे. धर्मांतराचा आग्रह धरणाऱ्या माणसाने प्रेमापोटी तो आग्रह सोडावा, हे 1853 साली लिहिले गेले आहे. आमचे ज्येष्ठ सभासद या ठिकाणी म्हणाले, "हा माणूस मात्र आपला आहे." चार महिन्यांतील त्यांची ही पहिली दाद होती.

शेवटच्या दोन ओळींवर सिस्टरांनी बोट ठेवले. मादाम बेक यांची भरभराट झाली, फादर सिलास यांचेही चांगले झाले, मादाम वॉलरावेन्स नव्वदी पूर्ण करून वारल्या. मस्यू पॉल यांना समुद्रापार धाडण्याचा घाट घालणारे हेच तिघे. म्हणून समीक्षक या ओळींत कडू उपरोध वाचतात आणि तो आहेच. पण सिस्टर म्हणाल्या की यांतील दोघे मस्यू पॉल यांच्या आधाराने जगत होते. त्यांचा प्रवास ज्यांच्यासाठी होता त्यांना त्याचे फळ मिळाले, एवढी नोंद लूसीने प्रामाणिकपणे केली आहे. आपल्या वाट्याला काय आले ते तिने लिहिले नाही. एकीकडे कडवटपणा, दुसरीकडे हिशेब चुकू न देणारा प्रामाणिकपणा. दोन्ही एकाच ओळीत आहेत आणि त्यांतले एक निवडण्याची सक्ती वाचकावर नाही.

याच पानावर शुभवर्तमानाची एक छाया आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायात प्रभू वादळाला शांत होण्याची आज्ञा करतात आणि समुद्र निवळतो. लूसी तोच शब्द आठवते. किनाऱ्यावर हजारो माणसे रडत, प्रार्थना करीत त्या वाणीची वाट पाहत होती, पण ती वाणी उमटली तोवर काहींना ती शांतता जाणवण्यापलीकडे गेली होती, असे ती लिहिते. श्रद्धावंताने हे वाक्य चटकन ओलांडून जाऊ नये. ज्यांची होडी परतली नाही त्यांच्या घरी मार्कचा चौथा अध्याय वाचला जातो तेव्हा तो कसा ऐकू येत असेल, हे आमच्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांना सांगण्याची गरज नाही. लूसी देवाला दोष देत नाही. पण सांत्वनाचा खोटा शब्दही उच्चारत नाही.

बैठक संपताना महाविद्यालयातील त्या मुलीने शिक्षिकाबाईंना विचारले, "बाई, मग मामीला आशा होती की नव्हती?" बाई म्हणाल्या, "मी कधी विचारले नाही." आम्ही दिवे मालवून बाहेर पडलो. नोव्हेंबर सुरू झालेला होता आणि देवळात मृतात्म्यांसाठी सायंकाळची मिस्सा सुरू व्हायची होती. आमच्यापैकी बहुतेक जण तिकडेच गेले.